सेक्शन बी वेल्श पोनी घ्यायचाय? आधी त्याच्यात डोंगर किती उरलाय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिस्टलजवळ राहणाऱ्या एका ताईंची मुलगी १० वर्षांची आहे, तीन वर्षं रायडिंग स्कूलमधे शिकतेय आणि आता तिला स्वतःचा पोनी हवाय. त्यांनी एक जाहिरात बघितलीये, "वेल्श सेक्शन बी, ग्रे गेल्डिंग, १३ हँड, ७ वर्षांचा, शोमधे भरपूर रोझेट्स, फॉरवर्ड, नॉव्हिस रायडरसाठी नाही" (ग्रे म्हणजे करडा-पांढरा, गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेला नर, हँड हे उंचीचं माप, रोझेट्स म्हणजे बक्षिसाच्या फिती, फॉरवर्ड म्हणजे स्वतःहून जोरात पुढे जाणारा, नॉव्हिस म्हणजे नवशिका). ताई विचारतात की हे सेक्शन बी म्हणजे काय, ए सी डी पण असतात म्हणे त्यात फरक काय, ही जात खरंच चांगली असते की नुसतं नावाचे पैसे लावतात, आणि मुलीसाठी हा पोनी घ्यावा का.

ताई, आधी सरळ उत्तर देते. जात चांगली आहे, मुलांसाठी याच्याहून चांगला रायडिंग पोनी मी बघितलेला नाही आणि १९ वर्षं मिड वेल्समधे व्हेट म्हणून रोज हेच काम करतेय. पण जाहिरातीतला हा विशिष्ट पोनी तुमच्या मुलीसाठी बहुतेक नाही. का नाही ते शेवटी सांगते, कारण आधी ही जात कशी घडली ते कळलं तर पुढचा कुठलाही पोनी तुम्हाला स्वतःला वाचता येईल.

वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी १९०१ मधे स्थापन झाली, पुढच्या वर्षी पहिलं स्टड बुक, म्हणजे जातीच्या वंशावळीची नोंदवही, निघालं. आज त्या स्टड बुकाचे चार भाग आहेत तेच हे ए बी सी डी. ए म्हणजे वेल्श माउंटन पोनी, मूळ डोंगरातला, १२ हँडपर्यंत. बी म्हणजे रायडिंग टाइपचा वेल्श पोनी, १३.२ पर्यंत. सी म्हणजे कॉब टाइपचा पोनी, तोही १३.२ पर्यंतच, पण अंगानं भरलेला, हाडानं जाड आणि घोट्याजवळ केस असलेला. डी म्हणजे वेल्श कॉब, १३.२ च्या वरचा, त्याला वरची मर्यादाच नाही. एक हँड म्हणजे ४ इंच आणि १३.२ मधलं टिंब दशांशाचं नाही हं, १३ हँड २ इंच असं वाचायचं, म्हणजे साधारण १३७ सेंमी (अमेरिकेत बीची मर्यादा १४.२ आहे, तिकडच्या नातेवाइकांनी वेगळा आकडा सांगितला तर गोंधळू नका). ए आणि बीचं शिंगरू बीमधे जातं, पण सी किंवा डीचं रक्त एकदा आलं की ते शिंगरू ए-बीमधे परत येत नाही. म्हणजे खऱ्या सेक्शन बीच्या कागदावर मागे जाल तसे डोंगरातले पोनीच सापडत जातात, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि जाहिरातीत "वेल्श क्रॉस" किंवा "पार्ट-ब्रेड" लिहिलं असेल तर ती वेगळी गोष्ट, पार्ट-ब्रेडला १२.५ टक्के वेल्श रक्त पुरतं, उरलेलं काहीही असू शकतं.

आता डोंगर म्हणजे काय ते सांगते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याबरोबर त्याच्या डोंगरावरच्या घोड्या बघायला गेले होते, जानेवारी, आडवा पाऊस, माझ्या दोन जॅकेटांतून पाणी आत आलेलं. घोड्या वाऱ्याकडे पाठ करून, शेपूट मांड्यांत दाबून, माना खाली घालून उभ्या, अंगावरून पाणी निथळतंय, मला वाटलं आता यातल्या दोन तरी आजारी पडणार. तो काहीच बोलला नाही, एका म्हाताऱ्या घोडीच्या पाठीवरचे केस त्यानं बोटांनी फाकवून दाखवले. आत कातडी कोरडी होती. कोरडी आणि गरम. वरचे लांब राठ केस पाणी खाली ओघळून देतात आणि आतली लव दाट, ती भिजतच नाही. शेजारी एक घोडी गॉर्सचं झुडूप खात होती, ते पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप, आपल्या बाभळीच्या काट्यांची आठवण येईल असं, आणि ती वरचा ओठ मागे घेऊन फक्त दातांनी शेंडे खुडत होती इतक्या सावकाश की एक काटा लागत नव्हता. दगडगोट्यांच्या उतारावर त्यांच्या पायांना नाल नसतात. खुरं अशी की नालबंदाची कानस सरकते.

मी मूळची बारामतीकडची. लहानपणी दिवाळीनंतर धनगरांचे वाडे आमच्या रानात उतरायचे, मेंढ्या पुढे आणि मागून तट्टं, एकेका तट्टावर भांडी, घोंगड्या, बांधलेल्या कोंबड्या, वर दोन कोकरं आणि कधी कधी एखादं पोरगं. ती भीमथडीची तट्टं, मराठ्यांच्या घोडदळात अटकेपर्यंत गेलेल्यांच्या वंशातली, रोजची चाल मोठी आणि खायला जे वाटेत मिळेल ते. आता कुठे त्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झालीये. त्या वेल्सच्या डोंगरावर उभी असताना मला आमचं रान आठवलं, कारण दोन्हीकडे गोष्ट एकच, लहान अंग, थोडं खाणं, शहाणं डोकं, आणि वर कधीतरी मिसळलेलं अरबी रक्त. आपल्याकडे तट्टू हा शब्द कमीपणानं वापरतात, भाडोत्री तट्टू, अडेलतट्टू. मला तो शब्द आवडतो आणि मी तो आदरानं वापरते.

तर वारसा. वेल्समधे दहाव्या शतकातल्या राजा हवेल द्दाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांत घोड्यांचे तीन प्रकार सांगितलेत, सवारीचा, कामाचा आणि ओझ्याचा, म्हणजे सवारीसाठी वेगळा घोडा ही कल्पना तिथे हजार वर्षांची आहे. पुढे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला चिलखत घातलेला सैनिक वाहून नेणारे उंच घोडे हवे होते, म्हणून १५४० च्या कायद्यानं सार्वजनिक चराईवर १५ हँडपेक्षा लहान नर सोडायला बंदी आणली, वर्षातून एकदा हाका घालून कळप खाली आणायचे आणि निकामी वाटतील ते मारायचे असा हुकूम. मैदानात तो चालला असेल, पण वेल्सच्या कड्याकपारीत धुक्यात कोण जाऊन घोडी मोजणार. जे पोनी माणसाला सापडायला सगळ्यात कठीण होते ते वाचले, आणि सापडायला कठीण म्हणजे पायानं पक्के आणि डोक्यानं सावध, त्यांचीच पुढची पिढी झाली. राजाला नको असलेलं लहानपणच या जातीत टिकलं.

पण नुसतं निसर्गावर सोडलं असतं तर आजचा देखणा पोनी झाला नसता, हेही खरं. कॉमनवर, म्हणजे सार्वजनिक चराईवर, कुणाचाही कसलाही नर चरायचा आणि चांगल्या घोड्या त्याच्याकडून फळायच्या. १९०८ च्या कॉमन्स अॅक्टनं वाईट नर तिथून काढायचा अधिकार मिळाला आणि डोंगराडोंगरांवरच्या सुधारणा मंडळांनी तो वापरला. आणि त्याच सुमाराला एका पोनीनं अख्ख्या जातीचं रूप बदललं, डायॉल स्टारलाइट, जन्म १८९४, ग्रे. त्याचे मालक म्युरिक लॉइड, आणि डायॉल म्हणजे लॉइड हे आडनाव उलटं लिहिलेलं! आज तुम्हाला इतके वेल्श पोनी ग्रे दिसतात त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे, मोठे डोळे, छोटं निमुळतं तोंड, मधे किंचित खोलगट नाक. त्याचा मुलगा ग्रेलाइट १९११ मधे ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिकडच्या ऑस्ट्रेलियन पोनी या जातीच्या पायाभरणीत त्याचं रक्त आहे. स्टारलाइट स्वतः म्हातारपणी स्पेनला विकला गेला आणि १९२९ मधे तिथेच मेला, वेल्सपासून इतक्या लांब, हे मला वाचलं तेव्हाही बरं वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.

सेक्शन बीची खरी सुरुवात इथून. डोंगरातल्या शेतकऱ्याला मेंढरामागे दिवसभर बसायला थोडा उंच, लांब पावलाचा पोनी हवा होता, आणि खाली शहरांत मुलांच्या रायडिंगची आवड वाढत होती, १२ हँडचा माउंटन पोनी १० वर्षांच्या पोराला दोन वर्षांत लहान पडायचा. म्हणून बाहेरचं थोडं रक्त आणलं. १९२४ मधे तान-अ-बुल्ख बर्विन जन्मला, बाप सहारा नावाचा बार्ब म्हणजे उत्तर आफ्रिकेतला घोडा, आई स्टारलाइटच्या वंशातली वेल्श घोडी. १९२७ मधे क्रेव्हन सायरस, त्याचा बाप किंग सायरस अरब आणि आजा स्कोव्ह्रोनेक, पोलिश पैदाशीचा तो प्रसिद्ध ग्रे अरब. १९३१ मधे स्टड बुकात सेक्शन बी आजच्या अर्थानं, म्हणजे रायडिंग पोनी म्हणून, आला. मग १९४४ मधे क्रिबन व्हिक्टर जन्मला आणि त्यानं या नव्या जातीला परत हाड आणि डोंगरी बांधा दिला, असं माझं मत आहे. नंतर सॉलवे मास्टर ब्रॉन्झ, डाउनलँड शेव्हलिए हे नर. कुठल्याही सेक्शन बीचा कागद उघडा, मागे जाता जाता यातली दोन-तीन नावं भेटतातच, बर्विन तर हमखास.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांच्या पोनीची मागणी खूप वाढली आणि बी सगळीकडे पोचला. हॉलंडमधे आज उत्तम सेक्शन बी पैदास होतात. जर्मन रायडिंग पोनी बनवताना वेल्श घोड्या पाया म्हणून वापरल्या. किमतीचा अंदाज यावा म्हणून एक सांगते, हा सेक्शन ए होता, १९७८ मधे कॉइड कॉख या पैदास केंद्रातले सगळे पोनी विकले गेले तेव्हा कॉइड कॉख बारी हा पोनी २१,००० गिनींना (एक गिनी म्हणजे पाउंडाहून थोडी जास्त) ऑस्ट्रेलियाला गेला. एका पोनीला.

आता गुण. सोसायटीच्या स्टँडर्डमधे बीसाठी वेगळं लांबलचक वर्णन नाहीच, एचं वर्णन बीलाही लागू आणि वर एवढंच की हा रायडिंग पोनी आहे, त्याच्यात क्वालिटी, रायडिंग अॅक्शन म्हणजे सवारीची चाल, पुरेसं हाड, काटकपणा हवा, आणि पोनी कॅरॅक्टर, म्हणजे छोटा घोडा न वाटता पोनीच वाटणं, हवं. पोनी कॅरॅक्टर हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. माझ्या अनुभवात सेक्शन बीमधे चूक होते ती इथेच. शो रिंगमधे उंच, लांब पायांचा, बारीक हाडाचा पोनी डोळ्यात भरतो, म्हणून काहींनी तसेच वाढवले, आणि मग हाती येतो तो छोटा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्याची छोटी आवृत्ती, दिसायला हरणासारखा, पण खुरं पातळ, पाऊस आला की थरथरतो, प्लास्टिकची पिशवी उडाली की मुलीसकट पुढच्या काउंटीत. तो कागदावर सेक्शन बीच असतो. पण त्याच्यातला डोंगर निघून गेलेला असतो.

डोंगर कुठे शोधायचा? खालून सुरुवात करा, सगळे डोक्याकडे बघतात. खुरं गोल, घट्ट, एकाच मापाची, कड तुटलेली नको. गुडघ्याखालचं हाड आखूड आणि सपाट, हाताचा अंगठा आणि बोट लावून बघा, ते गोल काठीसारखं लागलं तर बारीक समजा. मागचे हॉक, म्हणजे मागच्या पायाचे मधले सांधे, मोठे, कोरडे, सुजेशिवाय, आत किंवा बाहेर वळलेले नकोत. छाती खोल, बरगड्या गोलाई असलेल्या. पाठ मजबूत. खांदा लांब आणि मागे कललेला, कारण मुलीला पुढे मानेचा आधार वाटतो तो या खांद्यामुळे, खोगीर पुढे घसरत नाही. मग डोकं, छोटं, डोळे मोठे, कान आखूड आणि टवकारलेले, नाकपुड्या उघड्या. रंग कुठलाही चालतो, फक्त पांढऱ्यावर मोठे काळे किंवा तपकिरी पट्टे असलेला रंगीत स्टड बुकात चालत नाही.

चाल बघताना खोगीर घालण्याआधी, नुसता दोरीला धरून, घट्ट जमिनीवर दुडकी पळवायला सांगा. समोरून बघा, मागून बघा, मग बाजूनं. ए दुडकीत गुडघा थोडा उचलतो, डोंगरातल्या दगडांची ती सवय आहे. बीमधे पाऊल खांद्यातून पुढे जातं, लांब आणि जमिनीलगत, पण हॉक मात्र अंगाखाली येऊन जोर लावतो. हे दोन्ही एकत्र दिसलं ना की मला अजूनही आनंद होतो, बार्बची चाल आणि डोंगराचं इंजिन एकाच छोट्या अंगात.

स्वभावाबद्दल लोक विचारतात की वेल्श पोनी हट्टी असतात का. अडेलतट्टू हा शब्द कुणीतरी अशाच पोनीवरून केला असणार इतका तो त्यांना लावला जातो, पण थांबून बघा. डोंगरावर ज्या घोडीला मऊ दलदल पायाखाली लागली आणि ती थांबली ती जगली. माझ्या एका क्लायंटची मुलगी, ११ वर्षांची, तिचा बी ओढ्याच्या नेहमीच्या जागी अडला, ती टाच मारतेय, तो हलेना, शेवटी ती उतरली आणि काठीनं चाचपलं तर आदल्या रात्रीच्या पुरानं काठ आतून पोखरला होता. हा अडेलपणा नाही, तो विचार करतो. पण विचार करणारा पोनी रायडरचाही विचार करतो, रायडर कच्चा आहे, लगाम कधी घट्ट कधी सैल, हे त्याला पाच मिनिटांत कळतं आणि मग तो स्वतःचे निर्णय घ्यायला लागतो. ए त्यात जास्त खोडकर, सी जास्त सोसणारा, बी जास्त संवेदनशील. बीला हळू हात लागतो. तुमच्या मुलीचा हात हळू आहे का हे तिच्या इन्स्ट्रक्टरला विचारा, स्वतः ठरवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि इथे मी जरा लांब लिहिणार आहे कारण याच्यामुळे मी चांगले पोनी गमावलेत. ज्या गुणामुळे हा पोनी डोंगरावर जगला तोच गुण ब्रिस्टलच्या हिरव्यागार कुरणात त्याला मारू शकतो. थोडक्यात भागवणारं शरीर, उन्हाळ्यात चरबी साठवायची आणि हिवाळ्यात ती जाळायची असं शेकडो वर्षं शिकलेलं. तुमच्या कुरणात हिवाळा येतच नाही, वर ब्लँकेट, समोर गवत, बादलीत चंदी. चरबी साठत जाते, इन्सुलिन वाढतं, आणि एक दिवस लॅमिनायटिस. खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात आणि सुटायला लागतात, अख्ख्या अंगाचं वजन त्या दुखऱ्या पापुद्र्यांवर. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका घरी गेले, पोनी १२.३ चा बी, नेहमी गेटवर येणारा, तो कुरणाच्या मधे पुढचे पाय लांब पुढे टाकून, वजन मागच्या टाचांवर घेऊन उभा, जणू मागे बसायचंय. खुरं हाताला गरम, आणि घोट्याच्या मागे बोटं ठेवली तर नाडी ठणठण उडतेय, एरवी ती शोधायला वेळ लागतो. घरचे म्हणाले कालपर्यंत ठीक होता. मानेवरची चरबी मात्र दगडासारखी घट्ट होती, म्हणजे गोष्ट महिन्यांपासून चालू होती. तो पोनी वाचला नाही. त्यांनी त्याच्यावर जीव लावला होता, आणि प्रेमानं जास्त खायला घातलं होतं.

म्हणून तुम्ही बी घेतलात तर हे कराच. वजनाची टेप आणा, दर दोन आठवड्यांनी मोजा आणि वहीत लिहा. या मापाचा पोनी साधारण २५० ते ३५० किलो भरतो, त्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण पुरते, जाड असेल तर दीड, आणि ती वजन करून द्यायची, हातानं अंदाज घेऊन नाही. गवत भिजवून दिलं तर साखर थोडी कमी होते. वसंतात आणि थंडीत रात्री दंव गोठून सकाळी ऊन आलं की गवतात साखर खूप असते, तेव्हा बाहेर सोडायचा तर तोंडाला ग्रेझिंग मझल, म्हणजे थोडंच गवत खाता येईल अशी मुसकी. हिवाळ्यात निरोगी पोनीला ब्लँकेट घालायची घाई नको, ती आतली लव देवानं दिलीये. पण दुसऱ्या टोकाला जाऊन उपाशी ठेवायचं नाही, जाड पोनी एकदम उपाशी पडला तर चरबी रक्तात उतरते आणि यकृत बंद पडतं, त्याला हायपरलिपिमिया म्हणतात आणि तो लॅमिनायटिसपेक्षा भराभर मारतो. १५ च्या पुढे वय गेलं की कुशिंग या हार्मोनच्या आजाराची रक्ततपासणी करून घ्या. आणि आपल्या आजीची ती गोष्ट आठवा, घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, सगळ्याला उत्तर एकच, न फिरवल्यानं. आठवड्यात दोनदा शाळेनंतर अर्धा तास हे बीसाठी काम नाहीच. रोज खरारा करा, हात सगळीकडे फिरतो, मानेवरची, शेपटीच्या बुडाजवळची चरबी डोळ्यांआधी हाताला कळते.

आता तुमची जाहिरात. १३ हँड ही उंची मुलीला ठीक, चौदाव्या वर्षापर्यंत सहज जाईल, वजनाचा हिशोब म्हणून खोगिरासकट रायडर पोनीच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांत ठेवा. पण ७ वर्षं, फॉरवर्ड, नॉव्हिससाठी नाही, हे विकणारा स्वतः लिहितोय, त्यानं प्रामाणिकपणे सांगितलंय तर ऐका. रायडिंग स्कूलमधली तीन वर्षं म्हणजे सगळं सामान तयार, पोनी दमलेला, शिक्षक बाजूला. स्वतःच्या पोनीबरोबर ती पहिल्यांदाच एकटी असणार. १२ ते १६ वर्षांचा, पोनी क्लबमधून (मुलांची घोडेस्वारीची संस्था) पाच मुलं शिकवून बसलेला बी शोधा, शोमधला एकही रोझेट नसला तरी चालेल. वय बघून घाबरू नका, वेल्श पोनी पंचविशीच्या पुढेही छान जगतात, तिशी गाठणारे मी बघितलेत. तसा बी मिळाला नाही तर शहाणा सी बघा, त्यात काही कमीपणा नाही.

आणि तरीही हाच बघायला जायचं असेल तर जा, घोडामैदान जवळच आहे. पण न सांगता थोडं लवकर पोचा म्हणजे त्याला आधीच पळवून दमवलेला नाही ना ते दिसेल, घाम, खोगिराची ओली खूण. कुरणातून पकडून आणण्यापासून सगळं तुमच्यासमोर करायला सांगा. आधी त्यांचा रायडर बसू दे, मग तुमच्या मुलीचा इन्स्ट्रक्टर, सगळ्यात शेवटी मुलगी. रस्त्यावर गाड्यांत, एकटा घरापासून लांब जातो का बघा, बी घराकडे वळताना पाय जड करतो का हलके तेही. आवडला तर फाइव्ह-स्टेज व्हेटिंग, म्हणजे घेण्याआधीची व्हेटची पाच टप्प्यांची तपासणी, करून घ्या, त्यात आधी उभ्यानं तपासणी, मग हातात धरून चाल, मग काम, मग विश्रांती, मग परत चाल, आणि रक्ताचा नमुना घेऊन तो काही महिने जपून ठेवतात म्हणजे त्या दिवशी वेदनाशामक किंवा शांत करायचं औषध दिलं होतं का ते नंतरही कळतं. व्हेट तुमचा, विकणाऱ्याचा नको. जुन्या लॅमिनायटिसच्या खुणा म्हणजे खुरावर टाचेकडे रुंद होत गेलेल्या आडव्या रेघा, त्या शोधायला खास सांगा, शंका आली तर पुढच्या खुरांचा एक्स-रे आणि इन्सुलिनची तपासणी, ते पैसे वाचवू नका.

कागद. प्रत्येक घोड्याला पासपोर्ट आणि मायक्रोचिप हवीच, वेल्समधे २०२१ पासून सगळ्यांना चिप सक्तीची आहे, इंग्लंडमधे त्याच्या आदल्या वर्षापासून. चिप स्कॅन करून नंबर पासपोर्टशी जुळवा, घेतल्यावर ३० दिवसांत मालकी बदलून घ्या. सोसायटीचा पासपोर्ट असेल तर त्यात सेक्शन आणि आईबाप लिहिलेले असतात, नुसतं "वेल्श टाइप" लिहिलं असेल तर तो सेक्शन बी नाही, मग कितीही गोड असू दे, किंमत त्याप्रमाणे द्या.

आज संध्याकाळी विकणाऱ्याला फोन करून तीनच गोष्टी विचारा, हा कधी लॅमिनायटिसनं आजारी होता का, हिवाळ्यात कुठे आणि ब्लँकेटशिवाय राहतो का, आणि शेवटचं लहान मूल त्याच्यावर कधी बसलं होतं. उत्तरं लिहून ठेवा. पासपोर्टच्या वंशावळीच्या पानाचा आणि चारही खुरांचे बाजूनं, जमिनीलगत कॅमेरा ठेवून काढलेले फोटो पाठवायला सांगा आणि ते मला पाठवा, वंशात एची घोडी किती जवळ आहे ते बघून मी उद्या सांगते.